सतरा कॉलेजं आणि एक सही

टाचणीने किती कॉलेजांना अर्ज करायचे, हा प्रश्न अक्काच्या घरात एका मंगळवारी उभा राहिला आणि पुढचा महिनाभर काही केल्या खाली बसेना.

टाचणी म्हणजे अक्काची नात. अंगाने काडी, बोलणं टोकदार, म्हणून टाचणी. घराच्या पुढच्या खोलीत अक्काचं कपडे ऑल्टर करायचं दुकान होतं. लांब पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, बिघडलेली चेन बदलणं, चाळीस वर्षं हेच. माणसं कशी फुगतात आणि कशी वाळतात याचं जेवढं ज्ञान अक्काला आहे तेवढं डॉक्टरलाही नसेल, असं लोक म्हणत. म्हणजे अक्का म्हणे, आणि कपडे वेळेवर परत हवे असलेले लोक मान डोलवत.

"तीन," टाचणी म्हणाली. "मला नकाशे काढायला शिकायचंय आणि ते नीट शिकवणारी कॉलेजं तीनच आहेत. एक इथलं, बसने अर्ध्या तासावरचं. एक मधलं. आणि एक समुद्राकाठचं. ते सगळ्यांत चांगलं."

"समुद्र किती लांब?"

"रेल्वेने एकोणीस तास."

अक्काने दातात धरलेला दोरा तोडला. "सगळ्या जगाचे नकाशे काढून झाले की गं. आता तुझ्यासाठी कोणता कोपरा शिल्लक ठेवलाय?"

"समुद्राच्या तळाचे व्हायचेत अजून."

"तिथं कोण राहतं पत्ता शोधायला?"

टाचणी हसली नाही. ती नुसती खिडकीबाहेर बघत राहिली, जणू समुद्र पलीकडच्या गल्लीतच आहे. अक्काला एकोणीस हा आकडा आवडला नव्हता. पण तसं म्हणणं म्हणजे पोरीवाचून आपल्याला करमणार नाही हे कबूल करणं, आणि असली कबुली अक्काने उभ्या जन्मात कोणाला दिली नव्हती. नवरा गेला तेव्हाही ती म्हणाली होती, घर मोठं वाटतंय, एवढंच. म्हणून तिने समुद्राचा विषय बाजूला सारला आणि धंद्यातली अक्कल पुढे केली.

शिंपी कापड बेततो तेव्हा शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त सोडतो. उद्या माणूस सुटला तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. तयार कपडे विकणाऱ्यांनी ही माया कधीच कापून खाल्ली, आणि त्यांच्यावर अक्काचा जुना राग होता. गिऱ्हाइकाची पँट आतून उलटी करून ती त्याच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, "बघा, नावालासुद्धा माया नाही." गिऱ्हाइकाला उगाचच आपल्या घरच्यांची आठवण व्हायची.

"तीन हवीत ना, मग पाच कर," अक्का म्हणाली. "दोन मायेला."

झालं. एवढंच बोलली. पुढे जो राडा झाला त्याचं मूळ या दोन मायेच्या कॉलेजांत होतं. तसं तिला कोणी तोंडावर ऐकवलं नाही. तिचं तिलाच आठवत राहिलं, आणि ते जास्त वाईट.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क नेमके तेव्हाच कंबर सैल करून घ्यायला आले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांची कंबर वाढत होती आणि त्यांचा सल्ला कोणी घेत नव्हतं, अशी त्यांना दोन दुःखं होती. पैकी एकावरच अक्काकडे इलाज होता; दुसऱ्याचा इलाज ते स्वतःच करत.

"पाच?" ते म्हणाले. "अक्का, आमच्या खात्यात दोन दिवसांच्या रजेला पाच अर्ज लागायचे. तेही आजारी असलो तर. अकरा करा. अकरा कागद गेले की त्यातला एखादा तरी चुकून मंजूर होतो."

अकराचं ऐकून समोरच्या घरातली विमावाली आली. ती विमे विकायची, त्यामुळे कोणत्याही घरात शिरताना तिच्या डोक्यात त्या घराचं वाईटात वाईट काय होईल हे तयार असे. अक्काचं घर तिला फार आवडायचं.

"आणि अकराच्या अकरांनी नाही म्हटलं तर?" ती म्हणाली. "माझं ऐका अक्का, अजून सहा अशी घाला, जिथं कोणी फिरकत नाही. सगळ्यांनी टाकल्यावर घ्यायची म्हणून."

"माझी नात काय ताग्याचा उरलेला तुकडा आहे?" अक्का कडाडली.

"तसं नाही हो. पण वाईटाचा विचार आधी केलेला बरा. माझा धंदाच तो."

"तुझ्या धंद्याने अर्धी गल्ली मेल्यासारखी दिसते."

विमावाली हसली. तिला अपमान कळत नसे. त्यावाचून विमे विकलेही जात नाहीत. आणि अक्काने सहा कॉलेजं वाढवली. कारण रात्रंदिवस तोंडाने कितीही मिजास केली तरी आत एक भीती होतीच. टाचणीला खरोखर कोणीच घेतलं नाही तर? आणि त्याच भीतीच्या अस्तरात आणखी एक बारकी भीती होती: त्या एकोणीस तासवाल्याने घेतलं तर?

तर सतरा. टाचणीच्या बापाला, म्हणजे अक्काच्या मुलाला, रीतीप्रमाणे विचारण्यात आलं. तो आतल्या खोलीतून म्हणाला, "तू म्हणशील तसं, आई." बायको गेल्यापासून त्याच्याजवळ हे एकच वाक्य उरलं होतं, आणि ते तो जपून वापरी. पोरीच्या पहिलीच्या प्रवेशाला तो शाळेत वेळेवर पोचला नाही, म्हणून पालकाच्या रकान्यात अक्काचं नाव पडलं. बारा वर्षं ते तिथंच राहिलं. बदलायचं तर एक अर्ज करावा लागला असता.

सतरा कॉलेजं शोधणं सोपं नव्हतं. नकाशाची तीन संपली, जमीनमोजणीची पाच सापडली, मग रस्तेबांधणी, मग इमारतींची रंगसंगती. सतरावं मत्स्यपालनाचं निघालं. नकाशात समुद्र असतो आणि समुद्रात मासे असतात, असं म्हणून हेडक्लार्कांनी ते चालवून घेतलं. प्रत्येक कॉलेजला एक पत्र हवं होतं: 'तुम्हाला आमच्याच कॉलेजात का यायचं आहे?' टाचणी आठ दिवस वाकून सतरा वेळा लहानपणापासूनचं स्वप्न लिहीत बसली. एक माणूस लहानपणी इतकी स्वप्नं पाहील तर झोपेल कधी, असं अक्काने विचारलं. मासेवाल्यांच्या पत्रात रस्तेबांधणीवाल्यांचं नाव तसंच राहिलं, ते झेरॉक्सवाल्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "राहू द्या, कोण वाचतंय?" यावर टाचणी त्याच्या दुकानातच रडली. आठ दिवसांची मेहनत कोणी वाचणार नाही, हे तिला प्रथमच कोणी सांगत होतं.

आणि मग सह्या आल्या.

अक्काची सही हा घरातला नाजूक विषय. अक्का दोन इयत्ता शिकलेली. पाटी, दुकानाच्या पावत्या, बसचे आकडे, हे ती लावून लावून वाचायची, पण कोणी बघत नसताना. सही मात्र ती लिहीत नसे, काढत असे. पहिलं अक्षर काज केल्यासारखं गोल, मग दोन टाके आडवे, एक उभा, आणि शेवटी शेपूट. शेपटाचं काही खरं नसे. पेन थकेल तिथं ते संपे. एका सहीला चार मिनिटं. वर्षाकाठी प्रगतिपुस्तकावर एक, एवढाच आजवर खप होता. आता प्रत्येक अर्जावर तीन ठिकाणी, म्हणजे एकावन्न.

"मी करू का तुझ्याऐवजी?" टाचणीने हळूच विचारलं.

"का? मला काय हात नाहीत?"

गिऱ्हाईक जिथं कपडे घालून बघतं त्या पडद्याआड अक्का गठ्ठा घेऊन बसली आणि बाहेर सांगून ठेवलं की आत माप चालू आहे. दोन दिवस माप चाललं. विसाव्या सहीला पहिलं अक्षर उसवलं. तिसाव्याला टाके एकमेकांवर चढले. शेवटच्या पाच सह्या बघून अक्कालाच त्या करणाऱ्या बाईची दया आली.

सगळे अर्ज आधी जिथं तपासले जात त्या पडताळणी केंद्राकडून आठव्या दिवशी सतराही अर्ज परत आले. वर चिठ्ठी होती आणि टाचणीने ती दुकानात मोठ्याने वाचली, ही तिची चूक. "पालकांच्या सह्या परस्परांशी जुळत नाहीत."

विमावाली चेन बदलायला आलेलीच होती. "म्हणजे त्यांना वाटतंय, पालक बऱ्याच बायका आहेत," तिने समजावून सांगितलं.

अक्काने विमावालीच्या पर्सला चेन उलटी लावली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि मुद्दाम.

त्या रागातून अक्काला उपाय सुचला. जुळायला पाहिजे ना? जुळवून देते. शिंपी एक खाका पुठ्ठ्यावर कापतो आणि त्याच्यावरून शंभर कॉलर काढतो. एकीचं टोक दुसरीहून सुतभर हलत नाही. अक्काने एकावन्नातली सगळ्यांत देखणी सही निवडली, खाली कार्बन पेपर ठेवला, वरून दातेरी चाक फिरवलं, उमटलेल्या ठिपक्यांवरून पेन चालवलं. दोन दिवसांत नव्या अर्जांवर एकावन्न सह्या. पहिल्या आणि शेवटच्या सहीत एका धाग्याचा फरक नव्हता. तिने त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि हेडक्लार्कांना मुद्दाम खाली बोलावून दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसला, एक गठ्ठा बघितला, दुसरा बघितला, आणि घसा खाकरून म्हणाले, "सुंदर." त्यांचा आवाज तसा नव्हता, हे अक्काला नंतर आठवलं.

अर्ज पुन्हा गेले, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी केंद्रातून फोन आला. टाचणीने घेतला, आणि ऐकता ऐकता भिंतीला टेकली.

"काय म्हणतात?"

"सगळ्या सह्या हुबेहूब सारख्या आहेत. माणसाची सही इतकी सारखी येतच नाही, म्हणतात. बनावट आहेत म्हणे." तिने फोन खाली ठेवला. "मी केल्या असणार, म्हणे. पाचच्या आत पालक स्वतः आले नाहीत तर सगळे अर्ज रद्द. आणि पुढच्या वर्षीही मला भरता येणार नाहीत."

अक्काने कात्री खाली ठेवली. हेडक्लार्क जिन्यातूनच म्हणाले, "मला वाटलंच होतं. फार चांगलं काम केलं की वरच्यांना संशय येतो. मी छत्तीस वर्षं ती चूक केली नाही."

"वाटलं होतं तर तोंड शिवलं होतं का?" अक्काने विचारलं. पण उत्तराला थांबायला वेळ नव्हता.

पडताळणी केंद्र म्हणजे एक लांब खोली, नऊ खिडक्या, पैकी सहा बंद. चालू खिडक्यांतली एक जेवायला गेली होती. भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलं होतं आणि त्याखाली एक पंखा असा खडखडत होता की शांतता राखायची तर आधी त्याला बाहेर काढायला हवं होतं. साडेचारला त्यांचा नंबर आला. काचेमागचे साहेब सर्दीने बेजार होते. त्यांनी एकदा अक्काकडे बघितलं, एकदा टाचणीकडे, आणि टाचणीलाच विचारलं, "या सह्या तू केल्यास?"

"मी केल्यात," अक्का म्हणाली.

"मी तिला विचारतोय, आजी."

"आणि मी सांगतेय. तिची सही अशी नाही. तिला येते."

हे तोंडातून निसटलं आणि रांगेतल्या दोघा-तिघांनी मान वर केली. साहेबांनी नाक पुसलं. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "ठीक. माझ्यासमोर करा. मी बघितली की ती खरी."

अक्काने पेन धरलं. समोर साहेब, मागे रांग, बाजूला पोर. पहिलं अक्षर अर्ध्यावर आलं आणि पेन तिथंच थांबलं. पुढे कुठं वळायचं ते हाताला आठवेना. चाळीस वर्षं ज्या हाताने न बघता सुईत दोरा ओवला तो हात अडला, आणि तो अडलेला सगळ्यांनी बघितला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. "आजी, सही जमत नसेल तर अंगठाही चालतो. पाच मिनिटांत सतरा होतील."

"नको," टाचणी पटकन म्हणाली. "नको अक्का. राहू दे."

अक्काने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. पाच वाजायला पंचवीस मिनिटं. या जगात अक्काला सगळे काही ना काही म्हणत आले होते: तोंडाळ, आडमुठी, घमेंडखोर. अंगठाबहाद्दर कोणी म्हटलं नव्हतं. तेवढ्याचसाठी तिने ती सही कधीकाळी बँकेच्या बाकावर बसून, स्लिपांच्या मागे, पंधरा दिवस गिरवली होती. तिने पदर नीट केला आणि उजवा अंगठा काचेखालून आत सरकवला, असा, जणू तो कोणा दुसऱ्याचाच आहे.

साहेबांनी तो शाईत दाबला, कागदावर दाबला. निळा डाग उठला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. पुन्हा दाबला. डावा मागितला. तोही दाबला.

"इथं काहीच नाही, आजी."

"अंगठा आहे की."

"अंगठा आहे. रेघा नाहीत. झिजल्यात सगळ्या."

कात्रीच्या कडीने, इस्त्रीच्या चटक्यांनी, सुईच्या टोचण्यांनी त्या कधी गेल्या ते अक्कालाही कळलं नव्हतं. लाज गिळून अंगठा पुढे केला, तर तो अंगठाही कोरा. रांगेतला कोणीतरी फिसकन हसला. अक्काने मागे बघितलंसुद्धा नाही. एवढं तिला कधी कोणी फुकटात हसून गेलं नव्हतं.

"मग सहीच करावी लागेल," साहेब म्हणाले. "एका अर्जावर तीन. पाचला हे यंत्र आपोआप बंद होतं, ते माझ्या हातात नाही."

पाचला पंधरा कमी. चार मिनिटांची एक सही, तीन सह्यांची बारा मिनिटं. हिशेब करायला शाळेची गरज नव्हती. सतरातला एक.

"एकच होईल," अक्का म्हणाली. "कुठला?"

सगळा गठ्ठा काचेसमोर पडला होता. टाचणीने त्यातून दोन ओढले, अक्काच्या समोर शेजारी शेजारी ठेवले, आणि मग एकावर बोट ठेवून तो पुढे सरकवला. "हा. डावीकडचा. इथलंच कॉलेज, अक्का. बसने जाईन-येईन." आणि तिने तोंड फिरवलं. अक्काची शाई लागलेली बोटं तिला बघवत नव्हती, की तो उजवीकडचा कागद, ते तिचं तिलाच ठाऊक.

अक्काने पेन उचललं. या वेळी हात थांबला नाही. लोकांकडे बघायचं नाही, कापड बघायचं, असं तिने स्वतःला बजावलं. काज, दोन आडवे, एक उभा, शेपूट. पुन्हा. पुन्हा. तिन्ही सह्या तीन बहिणींसारख्या आल्या, सारख्या आणि वेगळ्या. साहेबांनी कागद ओढून घेतला, खालचा आकडा यंत्रात टाकला, शिक्का मारला, पोच फाडून दिली. पाचला दोन कमी होती.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर टाचणीने पोच उघडली आणि जागच्या जागी थांबली.

"अक्का. हे समुद्राकाठचं आहे."

"असेल."

"मी डावीकडचा म्हटलं होतं. तू उजवीकडचा उचललास. वर एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव आहे, तुला दिसलं नाही?"

दिसलं होतं. ते नाव अक्का महिनाभर वाचत होती. पोर बाहेर गेली की गठ्ठ्यातून तो कागद काढायचा, एकेका अक्षरावर बोट ठेवायचं, त्यातली दोन जोडाक्षरं पुन्हा पुन्हा फोडायची आणि तो परत खाली सारायचा, असा तिचा नेम झाला होता. आयुष्यात तिने इतकं दुसरं काही वाचलं नव्हतं. आता एकच अर्ज. लागला तर पोर जाणार, नाही लागला तर पोर घरी कुढणार. दोन्हीकडून रडणं घरातच यायचं होतं.

"मला कुठं वाचता येतं?" अक्का म्हणाली.

ती हळू बोललीच नाही. पायऱ्यांवर कागद सांभाळत बसलेली माणसं वळून बघू लागली. टाचणीही बघत राहिली.

अक्का निळे अंगठे पदरात गुंडाळून पायऱ्या उतरू लागली. मागे पोरीच्या चपला वाजतात का, हे ऐकायला ती थांबली नाही.